तीन बघितल्या, चौथी नाय

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहिणाऱ्यांतला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, आई कोपरखैरण्यात दोन घरी स्वयंपाक करते. घरात पुस्तकं होती ती माझ्या अभ्यासाची. एखाद्या माणसावर चार पानं लिहायची तर तो आपल्याला पुरता कळलेला हवा, असं मला वाटतं, आणि भोईरकाका मला पुरते कळले होते असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांचं वय मला नेमकं माहीत नाही. त्यांच्या घरी मी कधी गेलो नाही. तरी लिहितोय, कारण जिथे त्यांचं नाव यायला हवं होतं तिथे एकच ओळ मावते, आणि ती ओळ मी वेळेवर लिहिली नाही.

भोईरकाका आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे असिस्टंट होते. कागदावर असिस्टंट, प्रत्यक्षात पंखा, कुलूप, नेटवर्क, उंदीर, सगळं त्यांच्याकडे. रबाळे स्टेशनच्या मागच्या गावातले. त्यांच्या वडिलांची मिठागरं होती, ती सिडकोत गेली, आणि काका एमआयडीसीतल्या एका कंपनीत पत्रा कापणाऱ्या प्रेसवर लागले. ती कंपनी बंद पडल्यावर आमच्या कॉलेजात आले. ठेंगणे, काळे, अंगावर कायम फिकट निळा हाफ शर्ट, आणि खिशात पुठ्ठ्याची छोटी वही. बोलणं गावचं. आमच्यातली काही मुलं त्यांची नक्कल करायची. काकांना ते माहीत होतं. एकदा ते मागे उभे असतानाच एकाने नक्कल केली, तर म्हणाले, "बरा जमला. फक्त तू 'हाय' जरा लांब खेचतंस. आमी एवढा नाय खेचत."

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या चुकीतून. दुसऱ्या वर्षाला होतो. प्रॅक्टिकल चालू असताना माझ्या मशीनचं नेटवर्क गेलं. मी दोनदा बटणं दाबली, काही होईना, तेव्हा वाकून मागची विजेची वायरच उपटली. घरी टीव्ही अडकला की आम्ही तेच करायचो. उठलो तर काका समोर.

"काय झाला?"

"काका, नेट चालत नव्हतं."

"मंग?"

"मग बंद करून चालू करतोय."

त्यांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमी ऱ्हातंव ते बिल्डिंगीत किती माले?"

"चार."

"तिसऱ्या माल्यावरचा एक मानूस झोपलाय, उठत नाय. म्हनून तू खाली जाऊन अख्ख्या बिल्डिंगीची लाईट घालवशील?"

सगळे हसले. मीही हसलो, पण कान गरम झाले होते. काकांनी वायर परत लावून मशीन सुरू केलं, नेटवर्क अजून येत नव्हतंच, तेव्हा झाकण उघडलं आणि उलट्या हाताने, म्हणजे बोटांच्या मागच्या बाजूने, आतल्या एका कार्डाला स्पर्श केला. आई आठवली मला, पोळ्या करताना ती अशीच तव्याचा अंदाज घेते. "हा झोपलाय," ते म्हणाले. "बाकी सगले जागे हाईत. ह्यालाच उठवायचा."

आणि त्यांनी तेवढ्यालाच उठवला. दोन-तीन आज्ञा टाइप केल्या, हात वर करून मला थांबवलं, "दोन मिन्टं थांब," आणि खरंच दोन मिनिटांनी नेटवर्क आलं. माझा अर्धवट लिहिलेला प्रोग्राम मात्र गेला होता, कारण वायर मी आधीच उपटली होती.

त्या दिवसापासून मी लॅबमध्ये जास्त वेळ बसायला लागलो. तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक मशीनवर बॉलपेनने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. 'हिला हळू. दोन मिनिटं थांबा.' 'हिला एकदाच सांगा, परत परत सांगू नका.' सात नंबरवर लिहिलं होतं, 'ही हो बोलते, पण करत नाही.' मी त्याचा अर्थ विचारला. काका म्हणाले, "तिच्यातला जो कार्ड हाय ना, त्याला सांग, बाबा, परत पयल्यापासून सुरू हो. तो बोलतो, झाला. सिस्टीम पन खूश, झाला बोलली. आनि झालेला काय नस्तं. अशी मानसं पन आस्तात."

एकदा तपासणीसाठी बाहेरची समिती यायची होती. आमचे विभागप्रमुख, सोनावणे सर, लॅबमध्ये आले आणि चिठ्ठ्या बघून वैतागले. "भोईर, ही लॅब आहे का रिक्षा? काढा हे सगळं." काकांनी "हो सर" म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या नीट, कोपरे न फाटता काढल्या. समिती येऊन गेली. आठवड्याने एक मशीन अडकलं म्हणून मी झाकण उघडलं, तर चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला. सगळ्या मशीनच्या आत तशाच. मी काकांकडे बघितलं. ते खिडकीची काच पुसत होते. "सर बोल्ले काढा. फेकून द्या कुटं बोल्ले?"

माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय त्या चिठ्ठ्यांतूनच निघाला. इथे थोडं समजावून सांगावं लागेल. जमेल तसं सांगतो. कॉम्प्युटरच्या आत निरनिराळी कार्डं असतात, नेटवर्कचं, डिस्कचं, चित्र दाखवणारं. एखादं अडकलं की ऑपरेटिंग सिस्टीम त्याला रीसेट करते. त्याच्या मुख्य तीन पद्धती आहेत. पहिली, कार्डालाच सांगायचं. दुसरी, त्याची वीज जवळजवळ बंद करून त्याला झोपवायचं आणि परत उठवायचं. तिसरी, ते ज्या वाटेवर बसलंय ती अख्खी वाटच रीसेट करायची. मग त्या वाटेवरचे शेजारीही त्याच्याबरोबर आडवे होतात. आमच्या लॅबमधली सिस्टीम यातली पद्धत स्वतःच निवडायची, ठरलेल्या क्रमाने. कार्ड 'मला पहिली येते' म्हणालं की पहिलीच, मग ते खोटं का बोलत असेना. मशीनसमोर बसलेल्या माणसाला त्यात बोलायला जागा नव्हती.

मी ती जागा करायची ठरवली. प्रत्येक कार्डासाठी एक छोटी फाईल. तिच्यात वापरणाऱ्याने पद्धतींची नावं आपल्याला हव्या त्या क्रमाने लिहायची, नको असलेली गाळायची. फाईल रिकामी ठेवली तर अर्थ असा की या कार्डाला हातच लावू नका. एवढंच. सोनावणे सरांना हे फार लहान वाटलं. "यात ॲप कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे माज्या चिठ्ठ्या आता मशीनलाच वाचता येतील."

"हो काका. तसंच."

"जो समोर उभा हाय तो ठरवील."

"हो."

त्यांनी खिशातली वही काढली, काही लिहिलं नाही, परत ठेवली. त्या दुपारी चहा पिताना त्यांनी मला कंपनीतली गोष्ट सांगितली. एकदाच सांगितली, आणि माझ्याकडे न बघता.

"आमच्या लाईनीत सा प्रेस होत्या. एक अडाकली की काय करायचा, ते भिंतीवर पाटीवर लिवलेला. लाल बटन दाबा, पाच मोजा, हिरवा दाबा. बटन अख्ख्या लाईनीचा, एकच. माजी प्रेस अडाकली. मी लाल दाबला, पाच मोजला, हिरवा दाबला. शेजारच्या प्रेसवर शांताराम होता. त्याला वाटला, लाईन बंद झाली हाय तं अडाकलेला पत्रा काढून घेवा. त्याचा हात आत."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"तीन बोटा. चौकशी झाली. साहेबाने लिवला, भोईरने पाटीवरच्यापरमानं केला, त्याची चूक नाय. पाटी बरोबर हाय, असा पन लिवला." त्यांनी कप खाली ठेवला. "पाटी बरोबर होती रे. मी फक्त शेजारी बघितला नव्हता."

दर गणपतीला ते शांतारामच्या घरी आरतीला जातात, एवढं पुढे सांगितलं आणि कप विसळायला उठले.

त्यानंतर मला त्यांच्या वहीचं कोडं सुटलं. वहीत प्रत्येक कामापुढे दोनच शेरे असत: 'बघितलं' किंवा 'नाही बघितलं'. 'ठीक', 'चालू', 'ओके' असलं काही नाही. मी एकदा म्हटलं, "काका, 'ओके' लिहा ना, छोटं पडतं." ते म्हणाले, "ओके कोन बोल्ला? मशीन का मी? मी काय ते बघितला, तेवढाच मना म्हाईत."

प्रोजेक्टची तपासणी आम्ही दोघांनी केली. मी प्रोग्राम लिहायचो, बदल करायचो. ते मशीन मुद्दाम अडकवायचे. अडकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुठल्या कार्डाला काय सांगितलं की ते रुसतं, हे त्यांना पाठ होतं. मग मी फाईलमध्ये पद्धत लिहायची, ती चालते का बघायचं. एका मशीनवर तीनदा. दोनदा चाललं तर ते 'बघितलं' लिहीत नसत. "दोनदा नशीब पन आसतं," म्हणायचे. तीन निरनिराळ्या कार्डांची तीन मशीनं अशी झाली. सात नंबर, ती 'हो' म्हणून न करणारी, तिच्या फाईलमध्ये मी पहिली पद्धत गाळली, फक्त दुसरी ठेवली. ती पहिल्या झटक्यात उठली. झाकणाच्या आतली तिची चिठ्ठी काकांनी काढली आणि घडी करून वहीत ठेवली.

आमची ऑपरेटिंग सिस्टीम कुणा एका कंपनीची नाही. जगभरचे लोक मिळून ती लिहितात. कुणीही बदल सुचवू शकतो. बदल ईमेलने पाठवायचा, जाणकार तो वाचतात, प्रश्न विचारतात, पटला तर घेतात. त्या ईमेलच्या शेवटी एक पद्धत असते. ज्याने बदल लिहिला त्याचं नाव, आणि ज्याने तो खरोखर मशीनवर चालवून बघितला त्याचं नाव, वेगवेगळ्या ओळींत. 'तपासलं: अमुक', पुढे त्याचा ईमेल पत्ता. बदल घेतला गेला की ती ओळही कायमची राहते. नंतर कुणाला खोडता येत नाही, घालताही येत नाही.

हे मी काकांना सांगितलं आणि म्हटलं, "तपासलं या ओळीत तुमचं नाव."

"माजा?" त्यांनी हसण्यावारी नेलं. "मी काय इंजिनेर हाय?"

"इंजिनीअर लागत नाही. ज्याने बघितलं तो."

दोन दिवसांनी त्यांनी आपणहून विचारलं, "त्यात नाव पुरा लिवतात का आर्धा?" मी म्हटलं, पूर्ण. आणखी दोन दिवसांनी वहीचं मागचं पान उघडून माझ्यापुढे केलं. इंग्रजीत हरिश्चंद्र हे आपलं नाव त्यांनी पाच-सहा वेळा लिहून बघितलं होतं, कुठे एक अक्षर जास्त, कुठे एक कमी. "बरोबर कंचा?" मी एकाखाली रेघ मारली. "मुलीला विचारला आस्तं, पन ती हसंल," ते म्हणाले. त्यांचा ईमेल पत्ताही आम्ही त्याच दिवशी काढला. पासवर्ड त्यांनी वहीच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहिला. मी म्हटलं, "काका, पासवर्ड लपवायचा असतो." "कोन चोरतो? आनि चोरला तं काय वाचंल, माजा नाव?"

चौथं मशीन लायब्ररीत होतं. त्याच्यातलं नेटवर्क कार्ड आमच्या कुठल्याच मशीनमध्ये नव्हतं, म्हणून ते तपासणं गरजेचं. पण त्यावर पुस्तकांच्या देवघेवीचं सगळं चालायचं, आणि डिस्कचं कार्ड त्याच वाटेवर शेजारी बसलेलं. चुकून तिसरी पद्धत लागली तर डिस्कही जाणार. काकांनी लायब्ररीच्या मॅडमना विचारून रविवार ठरवला, लायब्ररी बंद असते म्हणून. प्रोग्राम मी त्यांना पेनड्राइव्हवर आधीच दिला, जायचं मात्र दोघांनी.

ठरवलं तो सोमवार होता. त्याच आठवड्यात गुरुवारी कॉलेजात कंपनी येणार होती, मुलाखतींना. माझी ही पहिली मुलाखत होती, आणि आमच्या घरातलीही पहिलीच. वडिलांनी शेजाऱ्याकडून माझ्यासाठी बूट आणले होते, अर्धा नंबर मोठे. मला सारखं वाटत होतं की मुलाखतीत दाखवायला काहीतरी हवं. 'मी असा असा बदल जगभरच्या लोकांना पाठवलाय' हे वाक्य मी मनात घोकत होतो.

बुधवारी लॅबमध्ये काकांना म्हटलं, "काका, आज पाठवून देऊ का? तुमचं नाव घालतो."

ते स्टुलावर चढून ट्यूबलाईट बदलत होते. तिथूनच म्हणाले, "तीन बघितल्या. चौथी नाय. नाव नको टाकू अजून. रविवारी बघतो, मंग टाक."

"तीन बघितल्या असं लिहून पाठवू?"

"ते तुजा तू बघ. माजा नाव रविवारी."

मी घरी गेलो. ईमेल लिहायला बसलो. 'तीन मशीनवर तपासलं' असं लिहिलं. मग ते मला अपुरं दिसायला लागलं. काय फरक पडणार आहे, चौथीही चालणारच, असं स्वतःला सांगितलं, आणि तीनचा आकडा पुसून चार केला. 'तपासलं' ही ओळ घातलीच नाही. नाव नको असं तेच म्हणाले होते, हे मी पुढे करत होतो. पण खरं लिहायचं तर, सोनावणे सर त्या सकाळी जाता जाता म्हणाले होते, "लॅब असिस्टंटचं नाव घालून काय इंप्रेशन पडणार आहे रे?" आणि ती ओळ नसल्याचं मला थोडं बरंही वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मुलाखत चांगली झाली. तिथल्या साहेबांनी फोनवर तो ईमेल उघडून बघितला, मान हलवली. शनिवारी निवड झाल्याचं कळलं. आई रडली. वडील मार्केटातून पेढे घेऊन आले आणि बिल्डिंगमध्ये स्वतः वाटत फिरले. रविवारी आमच्याकडे पाहुणे होते. लायब्ररीत जायचं माझ्या डोक्यातूनच गेलं.

सोमवारी पेढे घेऊन लॅबमध्ये गेलो. काका खुर्चीत बसले होते. निळ्याऐवजी पांढरा शर्ट, इस्त्रीचा. समोर टेबलावर वही, आणि वहीवर हात. मी पेढा दिला. त्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला, "नाव काढलास," म्हणाले, आणि मला बसायला सांगितलं. काहीतरी सांगायच्या तयारीत होते. पण मला राहवेना. मी म्हटलं, "काका, ज्याच्यामुळे झालं ते दाखवतो," आणि ईमेल उघडून त्यांच्यापुढे धरला.

ते इंग्रजी वाचायचे, पण हळू, एकेका शब्दावर बोट ठेवून. बोट सरकत होतं. मी बाजूला उभा राहून बोलतच होतो, मुलाखतीत काय विचारलं, मी काय सांगितलं. बोट एका जागी थांबलं.

"फोर," ते म्हणाले.



बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, माझ्या नावाखाली काही आहे का बघितलं, आणि परत वर आलं. "फोर," पुन्हा म्हणाले. आवाज चढला नाही. फोन त्यांनी मला परत दिला, तो देतानाही आधी काच शर्टाला पुसली.

"काका, ते मी नंतर दुरुस्त करणार..."

"पाटी बरोबर हाय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी वही उचलली, खिशात ठेवली, आणि कुलपांच्या किल्ल्या घेऊन खालच्या मजल्यावर गेले. वहीत काय आहे हे मी विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. पुढचे दोन महिने ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. हाक मारली की येत, अडकलेलं उठवून देत. फक्त त्यांच्या चहाच्या वेळेला मी गेलो की त्यांना काहीतरी काम निघायचं.

पास झालो, महाप्याच्या कंपनीत लागलो. घरापासून ऑफिसला जाताना कॉलेजवरूनच जावं लागतं. ऑफिसपासून तीन थांबे फक्त. मी उतरलो नाही.

त्या ईमेलला उत्तर आलं ते मी नोकरीला लागल्यावर. कुठल्या देशातला माणूस होता माहीत नाही, पण फार सभ्यपणे लिहिलं होतं. कल्पना चांगली आहे, लिहिलंय नीट. एकच विचारायचं आहे. तुम्ही चार मशीन म्हणता, तीनचा तपशील दिसतो. चौथ्यात काय होतं? त्या कार्डाच्या वाटेवर शेजारी आणखी कुणी होतं का?

मी ते पत्र किती वेळा वाचलं असेल. उत्तर असलंच तर एका माणसाकडे होतं आणि तो तीन थांब्यांवर होता. मी उत्तर दिलं नाही. काही महिन्यांनी त्याने परत आठवण केली. तेव्हाही दिलं नाही. माझा बदल तसाच लोंबकळत राहिला, ना घेतलेला ना नाकारलेला.

मध्ये एकदा काका दिसले. कंपनीची बस घणसोलीच्या सिग्नलला थांबली होती. रस्त्याकडेच्या एका सोसायटीच्या पंपाच्या खोलीचं दार उघडं होतं आणि बाहेर चार-पाच माणसं, बादल्या घेतलेल्या दोन बायका. पाणी चढत नसावं. आत भोईरकाका वाकलेले. बरेच वाळले होते. शर्ट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता. उलट्या हाताने त्यांनी मोटारीला स्पर्श केला. एक माणूस मेन स्विचकडे निघाला, तर त्याच्याकडे न बघताच त्यांनी तळहात वर केला. थांब. मला ऐकू येत नव्हतं, पण ते काय म्हणाले असतील ते माहीत होतं. माणूस थांबला. सगळेच थांबले. मग काकांनी मान वर केली, रस्त्याकडे बघितलं, बसकडे बघितलं. मी खिडकीशी होतो. मी खाली फोनमध्ये बघायला लागलो. त्यांनी मला ओळखलं का, माहीत नाही. सिग्नल सुटला तेव्हा मी परत बघितलं, पण मध्ये टँकर आला होता.

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला.

"तुम्ही विकास ना? कॉलेजातले? मी नीता भोईर. हरिश्चंद्र भोईरांची मुलगी."

मी जिन्यात येऊन उभा राहिलो.

"बाबा गेले. महिना झाला. फुप्फुसाचं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता." ती शाळेत शिकवते; आवाज सवयीने स्पष्ट होता, पण मध्येच थांबत होता. "तुमचा नंबर त्यांच्या वहीत मिळाला. एका पानावर तुमचं नाव आहे. मला त्यातलं काही कळत नाही. आई म्हणाली, कामाचं असेल तर त्या मुलाला द्यायला हवं. फोटो पाठवू?"

"पाठवा," मी म्हटलं. आणखीही काहीतरी म्हणायला हवं होतं.

"ते तुमच्याबद्दल सांगायचे हां," ती म्हणाली. "आमच्या लॅबच्या पोराने चिठ्ठ्यांची फाईल केली म्हणून. पाहुण्यांना पण सांगायचे. कुणाला कळायचं नाही."

फोटो आला. त्यांचं अक्षर, बॉलपेन दाबून लिहिलेलं. वर तारीख होती. मी ती पुन्हा पुन्हा तपासली, कॅलेंडर काढून वार बघितला. तो तोच रविवार होता, ज्या दिवशी मी घरी पाहुण्यांत होतो. म्हणजे सोमवारी मी पेढे घेऊन गेलो तेव्हा हे पान लिहिलेलं होतं, आणि ते त्यावर हात ठेवून बसले होते.

'विकासचं काम. चौथी मशीन, लायब्ररी. पहिली पद्धत: हो बोलली, उठली नाय. दुसरी: उठली. तीनदा केलं, तीनदा उठली. तिसरी केली नाय. शेजारी डिस्क हाय. बघितलं.'

त्याखाली त्यांचं पूर्ण नाव इंग्रजीत, मी रेघ मारली होती त्या स्पेलिंगने, एकही अक्षर न चुकता. पुढे ईमेल पत्ता. आणि शेवटी, थोडं बाजूला, मला उद्देशून दोन शब्द:

'आता टाक.'